पोलिसांनी एनसी दिली, एफआयआर नाही म्हणतात. फरक काय? (केळी कापली + मारहाण)

केळीपट्टा_भाऊ

राम राम मंडळी. यावल-रावेर पट्ट्यातून लिहितोय. केळी आणि थोडा कापूस एवढंच आपलं, घरात आजवर कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही म्हणून सगळं नीट विचारतो.

बांधावरून शेजारच्या गटवाल्याशी आमचं जुनं वाजतंय. मागच्या आठवड्यात रात्री तो आणि त्याची पोरं आमच्या बागेत शिरली आणि निसवलेली केळी कापून टाकली, साडेतीनशे खोडं. घड तिथंच चिखलात पडलेले, एक पण नेला नाही, नुसती खुन्नस. आमच्या सालदाराने बॅटरीच्या उजेडात त्यांना पाहिलं. सकाळी काका जाब विचारायला गेले तर त्यांच्या हातावर दांडकं घातलं, आईबहिणीवरून शिव्या आणि पुन्हा बांधावर दिसला तर बघून घेऊ अशी धमकी.

पोलीस ठाण्यात बराच वेळ बसवून शेवटी एक कागद हातात दिला. त्यावर अदखलपात्र असं लिहिलंय, कलमं ११५(२), ३५२, ३५१(२), आणि खाली कोर्टात दाद मागावी अशी समज दिली म्हणून काकांची सही. केळीबद्दल एक अक्षर नाही. त्याच्यासाठी वेगळा अर्ज द्या म्हणे, तो पण दिला, पोच घेतली.

आता गावात जितकी तोंडं तितक्या गोष्टी. एक म्हणतो अर्जावर शिक्का मिळाला म्हणजे एफआयआर झाली, दुसरा म्हणतो अजामीनपात्र लावा म्हणून बसा तिथं, तिसरा सांगतो समोरच्याने अटकपूर्व टाकलाय. वरून समोरच्याचा मामा येऊन सांगून गेला की तुमच्यावर पण चॅप्टर पडणार. मला आधी हे शब्द कोणी सरळ समजावून सांगा, मग पुढचं पाहू. काका रात्र रात्र हात धरून बसून राहतात ते बघवत नाही.

पारोळा_पोऱ्या

काय व्हयनं भाऊ हे, वाचून जीव तुटला. पिकावर हात टाकणारा माणूसच नाही.

एनसीला काही अर्थ नसतो भाऊ, ठेवा बाजूला तो कागद. सरळ जळगावला एसपी ऑफिसला अर्ज टाका, कलेक्टरला पण टाका, पेपरवाल्याला फोटो द्या. दबाव आल्याशिवाय काही हलत नाही.

काळा_कोट_जळगाव

पारोळ्याच्या दादा, एनसीचा कागद बाजूला ठेवा असं कृपा करून कोणाला सांगू नका. तो कागद नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, त्यावर तारीख आणि वेळ आहे आणि घटना झाल्याबरोबर तुम्ही पोलिसांकडे गेलात हे तोच सांगणार आहे. मी जिल्हा कोर्टात फौजदारी कामं करते, नंतर चार महिन्यांनी पहिला कागद हरवलाय म्हणून येणारी माणसं मी रोज बघते.

भाऊ, कायद्याने गुन्ह्यांचे दोन ढीग केलेत. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतात आणि गरज असेल तर वॉरंट नसताना अटक करू शकतात. त्याची पहिली खबर लिहून घेतली की ती एफआयआर, आपल्याकडे म्हणतात गुन्हा दाखल झाला, आणि त्याला गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, पडतो. अदखलपात्र म्हणजे एनसी, त्यात पोलीस नोंद करतात पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. भारतीय न्याय संहितेतली ११५(२) साधी दुखापत, ३५२ शांतता भंग व्हावी म्हणून मुद्दाम केलेला अपमान, ३५१(२) धमकी, ही तिन्ही अदखलपात्रच आहेत. म्हणजे कागदावर जे लिहिलंय त्या कलमांपुरतं ठाणे अंमलदार चुकलेला नाही. प्रश्न जे लिहिलंच नाही त्याचा आहे.

आणि तुम्ही दिलेला तो अर्ज. अर्ज म्हणजे फक्त अर्ज, त्यावरचा गोल शिक्का म्हणजे तुमचा कागद पोचला एवढंच. एफआयआरला नंबर असतो, कलमं असतात, छापील नमुना असतो आणि तिची प्रत फिर्याद देणाऱ्याला लगेच आणि फुकट द्यावी लागते, हे नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि कोर्टाची पद्धत सांगणारा कायदा, न्याय संहिता वेगळी) कलम १७३ मध्ये लिहिलेलंच आहे. प्रत नाही तर एफआयआर नाही असंच धरून चाला.

आता केळीचं. तुम्ही लिहिलंत की बागेत शिरून कापली. हे शिरून फार महत्त्वाचं आहे. नुकसान करायच्या इराद्याने दुसऱ्याच्या ताब्यातल्या जमिनीत शिरणं हा फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा, कलम ३२९, शिक्षा छोटी आहे, तीन महिन्यांपर्यंत, पण गुन्हा दखलपात्र आहे. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्येच असं सांगितलंय की एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं, बाकीचे कितीही एनसीचे असले तरी. तुमच्या केसमध्ये रात्रीचं एका कागदावर आणि सकाळचं दुसऱ्या कागदावर गेलं म्हणून दोन्ही हलकी पडली. फिर्याद सलग द्यायची, रात्रीपासून सकाळपर्यंत, एकाच माणसांनी एकाच वादातून केलेलं म्हणून. फक्त बांध नक्की कोणाचा हा वाद असेल तर खोडं ज्या भागात होती तो तुमच्या ताब्यात होता हे दाखवायला सातबाऱ्यावरचा पीकपेरा आणि मोजणीचा नकाशा असला तर तो सोबत ठेवा.

दुसरं, नुकसानीचा आकडा. कोणाच्या मालाची नासधूस करणं हा आगळीक म्हणून गुन्हा आहे, कलम ३२४. एक लाख किंवा त्याच्यावर नुकसान असेल तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते आणि गुन्हा दखलपात्र होतो, त्याच्या खाली एनसीत राहतो. मग पंचनाम्यात नुसतं केळीचं नुकसान असं लिहून चालत नाही. घड सरासरी २० किलोचा धरा, साडेतीनशे घड म्हणजे ७ टन, ७० क्विंटल. त्या दिवशी तुमच्या जातीला क्विंटलला १५०० भाव असेल तर १ लाख ५ हजार झाले. १४०० असेल तर ९८ हजार, गेलं लाखाच्या आत. म्हणून त्या तारखेचा भावफरक दाखवणारी पट्टी किंवा व्यापाऱ्याची पावती आणा, तलाठी आणि कृषी सहायक यांच्याकडून खोडं मोजून घ्या, घड कुजायच्या आत काट्यावर चार-पाच घड वजन करून फोटो काढा. आकडा फुगवू नका, पण आहे तो कमी पण लिहू देऊ नका.

काकांच्या हाताचा एक्सरे काढलाय का ते आधी सांगा.

केळीपट्टा_भाऊ

ताई तुमचे उपकार कसे फेडू. एक्सरे आज काढला, ग्रामीण रुग्णालयात. मनगटाच्या वरचं हाड मोडलंय, प्लास्टर घातलं. पहिल्या दिवशी नुसती सूज म्हणून गोळ्या देऊन पाठवलं होतं आणि कागदावर साधी दुखापत लिहिलं होतं. आता याने काही बदलतं का? आणि अजामीनपात्र करता येईल का, गावात सगळे तेच विचारतात.

काळा_कोट_जळगाव

बदलतं, खूप बदलतं. हाड मोडणं किंवा सरकणं, दात पडणं, हे कायद्याने गंभीर दुखापतीत येतं, कलम ११६ मध्ये यादीच आहे. मग ११५(२) राहत नाही, ११७(२) लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि दखलपात्र. डॉक्टरांना सांगून नवीन सर्टिफिकेट घ्या ज्यात फ्रॅक्चर आणि गंभीर दुखापत स्पष्ट लिहिलेलं असेल, एक्सरेची प्लेट आणि रिपोर्ट दोन्ही, आणि ते घेऊन उद्याच ठाण्यात जा. पहिल्या एनसीचा नंबर आणि तारीख अर्जात लिहा. जबाबात कशाने मारलं ते पण लिहायला लावा, दांडकं कसलं, केवढं, लोखंडी होतं की लाकडी, कारण हत्यार म्हणून वापरल्यास जीव जाऊ शकेल अशी वस्तू असली तर कलम ११८ चा विचार होतो.

आता जामिनाचं, हे जरा शांतपणे वाचा कारण इथेच सगळ्या गावाचा घोळ होतो. दखलपात्र वेगळं आणि अजामीनपात्र वेगळं. दखलपात्र म्हणजे पोलीस तपास करू शकतात का हा प्रश्न, अजामीनपात्र म्हणजे आरोपीला जामीन हक्काने मिळतो का हा प्रश्न. ११७(२) दखलपात्र आहे पण जामीनपात्र आहे. म्हणजे त्याला धरलं तरी जामीन हा त्याचा हक्क आहे, ठाण्यातच मिळतो, लोक त्याला टेबल जामीन म्हणतात. तो संध्याकाळी घरी आला म्हणून पोलीस विकले गेले असं समजू नका आणि गावात तसं बोलू पण नका. अजामीनपात्र म्हणजे सुद्धा जामीन मिळतच नाही असं नाही, कोर्ट ठरवतं एवढाच फरक. आणि अटकपूर्व जामीन फक्त अजामीनपात्र गुन्ह्यात अटक होईल अशी भीती असेल तर मागता येतो, एनसीमध्ये कोणी अटकपूर्व टाकत नसतो, ती गावातली हवा आहे.

एवढं घेऊन जाऊनही दखलपात्र गुन्हा लिहून घेत नसतील तर एसपींना लेखी, पोस्टाने, पावती ठेवून. त्यानंतरही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज, त्याच्यासोबत शपथपत्र लागतं. ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगून ठेवलंय की खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंदवणं बंधनकारक आहे.

निवृत्त_खाकी_धुळे

ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे, मी ठाण्यातल्या बाजूने थोडं सांगतो, आयुष्य त्या टेबलामागे गेलंय.

फिर्यादी येतो तेव्हा रागात असतो, तो शिव्या काय दिल्या ते दहा वेळा सांगतो आणि हाताला काय झालं ते एकदाच सांगतो. अंमलदार जे ऐकतो ते लिहितो. म्हणून जाताना घरून एका कागदावर क्रमाने लिहून न्या, तारीख, वेळ, गट नंबर, कोण कोण होतं, कोणाच्या हातात काय होतं, कोणी पाहिलं. आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे, सही त्याच्यानंतर. सालदाराचं नाव पहिल्या फिर्यादीतच येऊ द्या, महिन्याभराने साक्षीदार पुढे आला की समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

पंचांबद्दल पण गैरसमज असतो. पंच म्हणजे गुन्हा पाहिलेला माणूस नाही, पंच म्हणजे जागा आणि जप्ती पाहिलेला माणूस. गुन्हा पाहिला तो साक्षीदार. तुमचा भाऊबंद पंच घालू नका, गावातला तटस्थ माणूस द्या जो पाच वर्षांनी कोर्टात उभा राहील आणि सही माझीच आहे म्हणेल. फितूर झाला म्हणून आपण साक्षीदाराला शिव्या घालतो, पण अर्धे पंच केवळ दुसऱ्या गावाला कामाला गेले, काय पाहिलं ते आठवत नाही म्हणून उलटतात.

चॅप्टरला घाबरू नका. चॅप्टर केस म्हणजे गुन्हा नाही, शिक्षा नाही. दोन पार्ट्यांत पुन्हा भांडण होईल असं वाटलं की पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, तालुक्याला म्हणजे तहसीलदारांकडे, अहवाल पाठवतात, पूर्वी १०७ म्हणायचो, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६. तिथून नोटीस येते, शांतता राखीन असं बंधपत्र जास्तीत जास्त एक वर्षासाठी लिहून घेतात. बांधाच्या भांडणात बऱ्याचदा दोन्ही बाजूंना नोटीस जाते, त्याने तुमची फिर्याद खोटी ठरत नाही. तारखेला हजर राहा, तिथं मात्र गैरहजर राहू नका. तडीपारी वेगळी, ती महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली होते, माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढतात, समोरच्याच्या मामाने ती पण धमकी दिली तर हसून सोडा, एका बांधाच्या भांडणात ती होत नसते.

अजून एक शब्द आधीच ऐकून ठेवा, समरी. तपास झाला आणि आरोपीविरुद्ध पुरावा मिळाला तर दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, जातं. नाही मिळाला तर महाराष्ट्रात समरी पाठवतात. ए म्हणजे गुन्हा खरा पण करणारा सापडला नाही, बी म्हणजे फिर्यादच मुद्दाम खोटी, सी म्हणजे खरं ना खोटं, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचं. बांधाच्या वादात सी समरीचा धोका असतो, दिवाणी वाद म्हणून मोकळे होतात. कोर्टाकडून नोटीस आली की घरात ठेवून देऊ नका, समरी मंजूर व्हायच्या आधी फिर्यादीचं म्हणणं कोर्टाला ऐकावं लागतं, तिथं हरकत घेता येते. कित्येक लोक ती नोटीस वाचतच नाहीत आणि नंतर आमच्या नावाने बोटं मोडतात.

शहाद्याचा_मास्तर

सगळ्यांचं वाचलं, भाऊ तुमच्या काकांना आराम पडो. मला एका शब्दाबद्दल पोटतिडकीने बोलायचंय, विषय थोडा बाजूचा वाटेल पण तुमच्या उपयोगाचा आहे.

आपल्याकडे नाव एफआयआरमध्ये आलं की माणूस गुन्हेगार होतो. माझा एक जुना विद्यार्थी, मारामारीच्या एका केसमध्ये नाव आलं, कोणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला खाली गुन्हेगार लिहून. नंतर तपासात तो त्या दिवशी सुरतेला कामावर होता हे निघालं, चार्जशीटमध्ये त्याचं नावच आलं नाही. पण ठरलेलं लग्न मोडलं ते मोडलंच, त्याची आई अजून ते बोलताना थांबते.

संशयित म्हणजे फक्त शंका. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे. दोषारोपपत्र दाखल झालं म्हणजे पोलिसांनी त्यांचं म्हणणं कोर्टापुढे मांडलं, सिद्ध काही झालं नाही. पुढे कोर्ट आरोप निश्चित करतं, साक्षीपुरावे होतात, आणि निकाल लागला तरच दोषी. पेपरात पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी वाचून लोक म्हणतात शिक्षा झाली. वकील लोक पीसीआर, एमसीआर म्हणतात ते हेच. अटक केल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, तपासाला ताब्यात हवा असेल तर पोलीस कोठडी, ती सगळी मिळून १५ दिवसांच्या वर नाही, नाहीतर न्यायालयीन कोठडी म्हणजे जेल. दोन्ही वेळेला तो माणूस कायद्याने निर्दोषच धरलेला असतो.

तुम्हाला सांगायचं कारण, समोरच्याचे फोटो, त्याच्या पोरांची नावं ग्रुपवर टाकू नका. राग खरा आहे, पण त्यातून उलट बदनामीची तक्रार तुमच्यावर येईल आणि त्याच्या धाकट्या पोराने काही केलंच नसेल तर त्याचं काय.

भुसावळ_जंक्शन

एक विचारतो, गावाकडे अजून सगळे तीनशे सात, चारशे वीस, तीनशे दोन असंच बोलतात. हे नंबर गेले ना आता?

निवृत्त_खाकी_धुळे

बोलण्यातून जायला एक पिढी लागेल दादा, मी स्वतः अजून तीनशे सातच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, १८६० चा दंड विधान गेला. खून ३०२ होता तो आता १०३, खुनाचा प्रयत्न ज्याला लोक हाफ मर्डर म्हणतात तो ३०७ चा १०९, फसवणूक ४२० ची ३१८(४), चोरी ३७९ ची ३०३(२). न्याय संहितेत एकूण कलमं ३५८ च आहेत, त्यामुळे ४२० नंबरचं कलमच नाही. पण त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमं लागतात, म्हणून कोर्टात अजून दोन्ही चालून राहिलेत. जुन्या यादीवरून नवीन कागद वाचू नका, आता ३०२ म्हणजे धर्मभावना दुखावणारे शब्द उच्चारणं, खून नाही. दरोडा पण पेपरवाले कुठेही लिहितात, पाच किंवा जास्त माणसं असली तरच दरोडा, कमी असतील तर जबरी चोरी, आणि घरात कोणी नसताना कुलूप तोडून नेलं ती घरफोडी.

केळीपट्टा_भाऊ

मंडळी, आज गेलो होतो. धुळ्याच्या खाकीवाल्या नानांनी सांगितल्यासारखं सगळं कागदावर लिहून नेलं, एक्सरे, नवीन सर्टिफिकेट, भावाची पट्टी, तलाठ्यांचा पंचनामा. ठाण्यातले साहेब वेगळे होते, त्यांनी पूर्ण वाचलं आणि गुन्हा दाखल केला, ११७(२), ३२९(३), ३२४(५) आणि पहिली एनसीची कलमं. प्रत मिळाली, गु.र.नं. आहे. काकांना वाचून दाखवली तेव्हा ते पहिल्यांदा नीट जेवले.

आता गावातली मोठी माणसं मध्यस्थी करू म्हणतात, समोरचा नुकसान भरून द्यायला तयार आहे म्हणे. बठ्ठा गाव सांगतो केस मागे घ्या. एकदा गुन्हा दाखल झाल्यावर आम्हाला मागे घेता येते का?

काळा_कोट_जळगाव

ठाण्यात जाऊन मागे घेतो म्हणता येत नाही, आता केस सरकार विरुद्ध ते अशी आहे, काका फिर्यादी आणि साक्षीदार. पण ठरावीक गुन्हे आपसात मिटवता येतात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये त्याची यादी आहे. साधी दुखापत ज्याला झाली तो स्वतः मिटवू शकतो, गंभीर दुखापतीला कोर्टाची परवानगी लागते. जे यादीत बसत नाही त्यासाठी हायकोर्टात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांना त्यासाठी औरंगाबाद खंडपीठ.

तडजोड करायची की नाही हे फक्त काकांनी ठरवायचं, हात त्यांचा मोडलाय. करायचीच असेल तर पैसे आधी, बँकेतून, आणि बांधाची सरकारी मोजणी दोघांच्या सहीने आधी होऊ द्या, नाहीतर पुढच्या हंगामात तेच. कोऱ्या स्टॅम्पवर कोणीही सही मागितली तर द्यायची नाही, गावातला कितीही मोठा माणूस असला तरी. आणि तपासाचं काय चाललंय हे ९० दिवसांत पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं, तोवर काही आलं नाही तर गु.र.नं. लिहून मला मेसेज करा, अर्ज कसा लिहायचा ते सांगते.